रेड्याचा कान

रेडा हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण ते त्याच्या अंगाला असं चिकटलं होतं की शेजारणीशी बोलताना त्याची बायकोसुद्धा "आमचा रेडा" म्हणून जायची आणि मग जीभ चावायची. मान खांद्यात रुतलेली, कपाळ पुढे आलेलं आणि अंगात ताकद एवढी, की घरचं कपाटसुद्धा त्याला जपून लावावं लागे. क्लबांच्या, बारच्या दारात उभं राहायचं, नको त्याला आत सोडायचं नाही आणि आत नकोसा झालेल्याला बाहेर काढायचं, हे त्याचं काम. धंदा मेहुण्याचा, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाचा. मेहुणा स्वतः कधी हात उचलत नसे. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो फक्त बोटानं दाखवायचा, आणि ज्याच्याकडे बोट जाईल त्याचं काय करायचं ते रेडा बघायचा.

असंच एकदा एका क्लबच्या दारात एका झिंगलेल्या माणसानं फुटकी बाटली उगारली. रेड्यानं त्याचा हात धरला, पिरगळला आणि त्याला खांद्याकडून भिंतीवर आपटलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. कडक बिस्कीट मोडावं तसा आवाज झाला. माणूस खाली बसून ओकायला लागला आणि रेडा पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. हाडाचं त्याला काही वाटलं नाही. आवाज मात्र घरी येईपर्यंत कानात राहिला. असे बरेच आवाज त्याच्या कानात साठले होते, आणि त्यांच्याबद्दल कुणाशी बोलायची सोय नव्हती.

"दाजी, उद्यापासून तुम्ही सभागृहावर," मेहुणा म्हणाला. चारचौघांत तो रेड्याला दाजी म्हणायचा, अहोजाहो करायचा. पण स्वर असा, की पुढच्याला कळावं दावं कुणाच्या हातात आहे ते. "नवीन कार्यक्रम बसवतायत. मागच्या वेळी लोकांनी खुर्च्या फेकल्या होत्या स्टेजवर."

"खुर्च्या? असं काय गायले?"

"गात नाहीत. वाजवतात. वायरी लावून."

दुपारची तालीम होती. स्टेजवर मोठा वाद्यवृंद बसला होता. पुढे व्हायोलिनवाले, मागे पितळी वाद्यवाले, एका बाजूला निरनिराळे ढोल. मधोमध एक टेबल, त्यावर बटणांची डबडी आणि वायरींचं जाळं, आणि त्यामागे विस्कटलेल्या केसांचा एक काटकुळा माणूस. संगीत ह्यानंच रचलंय, असं दारवाल्यानं सांगितलं. रेड्याला वाटलं, आपण शिंकलो तरी हा पडेल.

सुरुवात एका व्हायोलिननं झाली. व्हायोलिनवाली बाई वाजवत नव्हती, खरवडत होती. पत्र्यावरून खिळा ओढावा तशी. टेबलावरच्या डबड्यांनी तो खरखराट उचलला, आणि थोड्या वेळानं तोच मागच्या भिंतीतून परत आला. दुप्पट, मग चौपट, मग इतका, की ती बाई एकटी आणि तिच्याभोवती तिच्याच नखांचा जमाव. पितळी वाद्यं खालून गुरगुरायला लागली. रेड्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. नकळत त्यानं पाय फाकवले, खांदे खाली घेतले आणि कुणावर धावून जायचं ते शोधायला लागला. तेवढ्यात सगळा वाद्यवृंद एकदम कोसळला. एकच घाव. रेड्याचा हात आपोआप तोंडासमोर आला.

मग सगळं थांबलं, पण पुरतं नाही. एक बारीक शिट्टी हवेत उरली होती आणि ती विझता विझत नव्हती. ही शिट्टी रेड्याच्या चांगल्या ओळखीची होती.

"च्यायला," तो मोठ्यानं म्हणाला. "हे ह्याला कुणी सांगितलं?"

सभागृहाच्या मध्यभागी आवाजाची यंत्रणा सांभाळणारी एक बाई बसली होती. पिकलेले केस पोरासारखे कापलेले, गळ्यात हेडफोन. ती वळली. "काय सांगितलं?"

"कानशिलात जोरात बसली ना, की अशीच शिट्टी वाजते. मला वाटायचं ती आपली आपल्यालाच ऐकू येते."

बाईनं शेजारची खुर्ची बाजूला सरकवली. मग म्हणाली, "दादा, इकडे या. बूट काढा आणि इथे उभे राहा. पुन्हा वाजवणार आहेत."

त्यानं बूट काढले. या खेपेला ढोल तळपायातून आला, नडग्यांमधून चढला आणि पोटात जाऊन बसला. घाव पडायच्या आधी सगळी वाद्यं क्षणभर श्वास ओढतात, तेही त्याला ऐकू आलं. मारामारीत तो क्षण त्याला ठाऊक होता. पुढचा माणूस हात उगारायच्या आधी असाच श्वास ओढतो. पण तिथे तो क्षण चिमटीत यायच्या आत निसटतो. इथे ह्या लोकांनी तो धरून ताणला होता, आणि ताणून त्याच्या आत काय काय असतं ते बाहेर काढून ठेवलं होतं.

"ह्यात समजायचं काय असतं?" त्यानं विचारलं.

"आधी ऐकायचं. समजायचं मग बघू."

त्यानंतर रेडा दाराशी कमी आणि बाईच्या टेबलापाशी जास्त दिसायला लागला. तो विचारायचा आणि ती न कंटाळता सांगायची. हा आवाज वाद्याचा की डब्याचा? हे सगळे मुद्दाम बेसूर होतात का? एवढी माणसं असून मधे कुणीच का वाजवत नाही? तिनं त्याच्या फोनमध्ये पुष्कळ संगीत भरून दिलं, तालमीचं रेकॉर्डिंगही दिलं. मेहुण्याच्या कानावर गेलं तेव्हा तो पोट धरून हसला. "रेड्यानं वेद म्हटल्याचं ऐकून होतो. रेडा गाणं ऐकतो हे आजच कळलं!"

घरी रेडा स्वयंपाकघरात स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकायचा. एका रचनेत नुसती घरघर होती, अर्धा तास तीच. त्याला आधी डुलकी लागली. जागा झाला तेव्हा घरघर संपली होती आणि फ्रिज वाजत होता, आणि फ्रिजच्या आवाजात खाली एक आणि वर एक असे दोन सूर होते. ते त्यानं बायकोला दाखवले. ती शिवणकाम करायची. दिवसभर मशीनवर बसून तिची पाठ धरलेली असायची.

"अहो, फ्रिज जुना झालाय. त्याला सूर नाही, मेकॅनिक हवाय." मग तिनं एकदा त्याचे इअरफोन कानाला लावून पाहिले आणि विंचू चावल्यासारखे काढले. "मिक्सरमध्ये खिळे घातलेत का कुणी? आणि हे ऐकून तुम्हाला झोप लागते?"

"झोप नाही लागत. उलट."

उलटच होत होतं. त्याचे कान उघडले होते, पण उघड्या कानांचं काय करायचं ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. बारच्या दारात आता त्याला गर्दीतला एकेक श्वास वेगळा ऐकू यायचा. कोण नुसता बरळतोय आणि कोण हात टाकणार आहे, हे तो पाठमोरा राहूनही ओळखायचा, आणि पुढच्याचा हात उठायच्या आत ह्याची मूठ पोहोचलेली असायची. एकाचे दोन दात पायरीवर टपटप पडले, ते त्यानं कान देऊन ऐकलं. मेहुणा खूश होता. रेडाही खूश होता, आणि ह्यात काही वावगं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

कार्यक्रम संध्याकाळी होता आणि सभागृह भरलं होतं. व्हायोलिनवाली खरवडायला लागली तशी मागच्या रांगेत खुसखुस सुरू झाली. पुढे एक जाडसर गृहस्थ उठून उभा राहिला आणि ओरडला, "दारं उघडा! मांजर अडकलंय कुठंतरी!" लोक हसले. घाव यायला थोडाच वेळ होता. रेडा इतके दिवस ह्या क्षणाची वाट बघत होता, आणि हा माणूस त्यात बोलत होता. रेड्यानं त्याची कॉलर धरून त्याला रांगेतून ओढलं, दाराबाहेर नेलं आणि आत घाव पडला त्याच ठोक्याला त्याचा दंड मागे खेचला. खांदा निखळला. गृहस्थ किंचाळला, आणि आतल्या आवाजात ते किंचाळणं अगदी बेमालूम मिसळलं. रेड्याच्या अंगावर सुखाचा काटा आला.

कार्यक्रम संपल्यावर आवाजवाली बाई बाहेर आली. गृहस्थाला गाडीत घालत होते.

"काय केलं होतं त्यानं?"

"मधेच ओरडला."

"ओरडला. एवढंच ना?" तिच्या तोंडाचा रंग उडाला होता. "हसू दे की लोकांना. मी स्वतः पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. तुम्ही ऐकत नव्हता हो. तुम्ही मारायचा मुहूर्त शोधत होता."

"तुमच्याच कार्यक्रमासाठी केलं मी."

"माझ्या नावावर घालू नका," ती म्हणाली आणि आत गेली. नंतर त्यानं केलेले फोन तिनं उचलले नाहीत.

बोलणं रेड्याला झोंबलं, पण कानाला खडा लावावा एवढं नाही. बाईमाणूस आहे, निखळलेला खांदा बघून घाबरली, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि इअरफोन घातले.

पुढचं काम छापखान्याचं होतं. मालकाला छापखाना बंद करून यंत्रं दुसरीकडे न्यायची होती. कामगार आत बसून राहिले होते, आणि चालू यंत्र कुणाला उचलता येत नाही म्हणून त्यांनी मोठं यंत्र रिकामंच फिरत ठेवलं होतं. मालकानं मेहुण्याला बोलावलं. "फार काही नाही," मेहुणा म्हणाला. "म्हातारेकोतारे आहेत. दहा मिनिटांत आवरेल."

भर दुपारी रेडा आणि मेहुण्याच्या हाताखालची पोरं लोखंडी गज घेऊन आत शिरली. शिरण्यापूर्वी रेड्यानं टोपी कानांवर ओढली. टोपीखाली इअरफोन होते आणि त्यांत तालमीचं रेकॉर्डिंग, पूर्ण आवाजात. ही त्याची स्वतःची युक्ती होती. आज संगीत नुसतं ऐकायचं नाही, त्याच्या आत शिरायचं.

आणि तो शिरला. व्हायोलिन खरवडत होतं आणि त्याच्यासमोर माणसं तोंडं उघडून मिटत होती, काचेपलीकडच्या माशांसारखी. कुणाचाही आवाज नाही. एकानं कागदाचा गठ्ठा ढकलला. रेड्यानं त्याच्या बरगडीत गज घातला आणि तो पितळी वाद्यांच्या गुरगुरण्यात दुमडला. दुसरा पायाला मिठी मारून बसला. त्याच्या पाठीवर गुडघा पडला. शाईचा डबा लवंडला. काळ्या शाईत रक्त पडलं तर ते दिसत नाही, एवढं रेड्याच्या लक्षात आलं. मेहुण्याच्या पोरांनी यंत्राच्या रुळांवरची लोखंडी जाळी उचकटली होती. यंत्र खोलायला तिथूनच सुरुवात करायची होती. यंत्र आधी बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं, आतले रूळ एकमेकांवर गरगर फिरत होते.

यंत्राशी एक चष्मेवाला माणूस उभा होता. जाळी पुन्हा बसवायला बघत होता बहुतेक. रेड्यानं त्याला छातीवर ढकललं. तो मागे यंत्रावर गेला आणि तिथेच चिकटून राहिला. रेड्यानं त्याला खेचलं. तो सुटेना.

"सोड!" रेडा ओरडला, आणि स्वतःचं ओरडणंही त्याला ऐकू आलं नाही. "यंत्र सोड!"

चष्मेवाल्याचं तोंड सताड उघडं होतं. डोळे बाहेर आले होते. तो एकच काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता. रेड्याला वाटलं, शिव्या देतोय. त्यानं त्याच्या खांद्यावर गज मारला. पुन्हा मारला. कानात सगळी वाद्यं श्वास ओढत होती, आणि रेडा त्या तालावर मान डोलावत गज वर नेत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या पाठीवर झेप घेतली, टोपी ओढली आणि तिच्याबरोबर इअरफोनही निघाले. पुस्तकं शिवणारी एक वयस्क बाई होती ती.

"बटण!" चष्मेवाला ओरडत होता. "बटण दाब! हात! बटण!"

त्याचा उजवा हात रुळांमध्ये गेला होता, कोपराच्या जवळपर्यंत, आणि यंत्र त्याला अजून आत घेत होतं. त्याचा एक आवाज येत होता. तो आवाज कशासारखा होता ते रेड्यानं पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही.

त्यानं लाल बटणावर मूठ मारली. यंत्र थांबलं. चष्मेवाला लोंबकळत राहिला.

"चला!" दारातून मेहुणा म्हणाला. त्याच्या शर्टावर एक डाग नव्हता. "दाजी, चला. पोलीस येतील."

"ह्याचा हात अडकलाय. रूळ उचलायला माणसं द्या."

"अडकू दे. यंत्रात हात घालायला आपण सांगितलं होतं का?"

रेडा जागचा हलला नाही. मेहुण्यानं बोट केलं. आजवर दुसऱ्यांकडे जाणारं ते बोट आज रेड्याकडे आलं, आणि कालपर्यंत रेड्याच्या ताटात जेवलेली पोरं त्याच्यावर चालून आली. रेड्यानं पहिल्याचं नाक फोडलं, दुसऱ्याला शाईत लोळवलं, आणि सरळ जाऊन मेहुण्याचं बोट धरून मोडलं. तो आवाज अगदी लहान होता. मेहुणा लहान मुलासारखा कळवळला. तेवढ्यात मागून कुणाचातरी गज रेड्याच्या डाव्या कानावर बसला. तरीही त्यानं रुळाचं एक टोक खांद्यावर घेतलं, दुसरं टोक कामगारांनी धरलं. ज्यांना त्यानं आत्ताच मारलं होतं, त्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यानं तो रूळ उचलला. पोलीस आले तेव्हा तो चष्मेवाल्याचा दंड पट्ट्यानं आवळून बसला होता आणि त्याच्या स्वतःच्या कानातून रक्ताची धार लागली होती.

दोघंही एकाच हॉस्पिटलमध्ये होते. रेड्याच्या खाटेशी हवालदार बसलेला. डावा कान गेलाच, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. बायको यायची, उजव्या बाजूला खुर्ची ओढायची आणि हातशिवणीचं काम घेऊन बसायची. एकदा म्हणाली, "दादाचं बोट मोडलंत. आई म्हणते, तुम्हाला सोडून ये."

"मग?"

"मग काय? आईला म्हटलं, दुसऱ्याचा अख्खा हात गेलाय, त्याचं आधी बोल."

एके दिवशी सकाळी सिस्टर आली. चष्मेवाल्यानं रेड्याला बोलावलं होतं. हवालदार आधी "नियमात बसत नाही" म्हणाला, मग स्वतःच उठला. बायकोही मागोमाग आली.

चष्मेवाला उशीला टेकून बसला होता. उजवा हात कोपराखाली नव्हता. रेड्याला वाटलं, हा आता ओरडेल. पण तो अगदी साध्या आवाजात बोलला.

"मी बटण बटण ओरडत होतो आणि तू मान डोलावत होतास. डोळे मिटले की मला तेच दिसतं. काय चालू होतं तुझ्या कानात?"

"संगीत."

"कसलं?"

 बायकोनं पर्समधून त्याचा फोन काढून पुढे केला. हवालदार खिडकीबाहेर बघायला लागला. चष्मेवाल्याला एका हातानं इअरफोन बसवता येईनात, म्हणून ते रेड्यानं बसवले. 

चष्मेवाल्यानं सगळं ऐकलं. आधी कपाळाला आठ्या पडल्या. मग तो भिंतीकडे बघत राहिला. घावाच्या वेळी त्याच्या पांघरुणाखालचा थोटा दंड उडाला. रेड्याला वाटलं, आता काढून फेकेल. पण तो शिट्टी विझेपर्यंत थांबला. मग त्यानं डाव्या हातानं इअरफोन काढले, आणि त्याच हातानं रेड्याच्या बँडेज बांधलेल्या कानावर सगळ्या ताकदीनिशी थप्पड मारली.

रेडा गुडघ्यावर आला. बँडेज लाल झालं. हवालदार धावला. "राहू द्या," रेडा म्हणाला.

"पुन्हा तोंड दाखवू नकोस," चष्मेवाला म्हणाला. तो धापा टाकत होता. रेड्यानं उठून फोनला हात घातला, तसा चष्मेवाला म्हणाला, "ते ठेव."

"काय?"

"ते ठेव इथे. एकदा ऐकून कळलं नाही मला."

बायकोनं पर्समधून चार्जर काढला, खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला आणि रेड्याचा दंड धरून त्याला बाहेर नेलं.

कोर्टात रेड्यानं काही लपवलं नाही. कुणाला कुठे मारलं, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं सांगितलं. मेहुण्याच्या वकिलानं त्याला घरबुडव्या म्हटलं. शिक्षा दोघांनाही झाली. रेड्याला जास्त झाली, कारण गज त्याच्या हातात होता. सासूनं लेकीशी बोलणं टाकलं. लेकीनं मशीन घराच्या पुढच्या खोलीत आणलं आणि कामं वाढवली.

ती तुरुंगात भेटायला येते तेव्हा जाळीच्या पलीकडे रेडा उजवा कान पुढे करून बसतो. मागच्या खेपेला त्यानं विचारलं, "घरी एकटीला करमतं का?"

"मशीन चालवताना ऐकते तुमचं ते. त्या आवाजवाल्या बाईकडून मागून आणलं."

"तू?" त्यानं कान जाळीला टेकवला. "खिळे घातलेत म्हणत होतीस ना?"

"खिळेच आहेत. पण त्या खिळ्यांत मधे मधे काहीतरी आहे, ते काय ते शोधतेय." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "एकाच कानात घालते हां. दुसरा मोकळा ठेवते. दारात कुणी आलं तर कळायला नको?"